उजेडाच्या तोफेचं माप

चितेगावात पैठण रोडला लागून पत्र्याच्या शेडांची एक लांब रांग आहे. एसटीतून जाणाऱ्याला ती सगळी शेडं सारखीच दिसतात, आणि त्यांच्यापुढच्या बाभळीही सारख्याच. पण शेवटून तिसऱ्या शेडाच्या मागच्या खोलीत एक बाई गेली बावीस वर्षं धातूचे तुकडे एका लोखंडी प्लेटवर घासत आली आहे. सांगायला गेलं तर काम एका वाक्यात संपतं, करायला गेलं तर जन्म पुरत नाही. तिच्या हाताखालून जे सपाट निघतं, तेवढं सपाट आमच्या मुलखात दुसरं काही नाही. देवळातली फरशी नाही, जायकवाडीचं निवांत पाणीही नाही, कारण पाण्याला वारा हलवतो.

तिचं नाव पारूबाई. अंगानं बारीक, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलेला, तळहात मात्र मऊ, जसे काही लोण्यात बुडवून ठेवलेले. हे काम करणाऱ्याच्या हाताला घट्टे पडत नाहीत. घासायला लागणारी तेलात कालवलेली पूड इतकी बारीक असते की ती कातडीसुद्धा गुळगुळीत करून टाकते. गावातल्या बाया तिला म्हणत, तुझे हात बघून कुणी म्हणायचं नाय की तू कामाला जाती. पारूबाई हसायची आणि पदराखाली हात घ्यायची.

सव्वीस वर्षांची असताना ती या कारखान्यात झाडू मारायला आली. त्या मागच्या खोलीत तेव्हा कमरोद्दीनचाचा बसत. बिडकीनहून सायकलवर यायचे, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात अत्तराचा फाया. पाण्याच्या आणि तेलाच्या पंपांना आतून एक कडी लागते, तिचा तोंडचा भाग जरा जरी वाकडा असला तरी पंप गळायला लागतो. त्या कड्या चाचा घासून सपाट करीत. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवायचा, एक वेळा इकडून, एक वेळा तिकडून, दाब कुठंच कमीजास्त नाही. पारूबाई झाडता झाडता त्या हाताकडं बघत राहायची. चाचांनी सहा महिने ते पाहिलं आणि सातव्या महिन्यात तिच्या हातातला झाडू काढून कोपऱ्यात उभा केला.

सपाटी तपासायची रीत मात्र बघण्यासारखी. खोलीत एक पिवळा दिवा. त्याच्या उजेडात माणसाचं तोंड हळद लावल्यासारखं होतं. घासलेला तुकडा त्या दिव्याखाली ठेवायचा आणि त्यावर एक काचेची चकती अलगद ठेवायची. काचेत काळ्या बारीक पट्ट्या उमटतात, नांगरलेल्या रानातल्या तासांसारख्या. तासं सरळ असली तर माल सपाट. वाकली तर मधे टेकडी आहे किंवा खळगा. एका पट्टीएवढं वाकणं म्हणजे डोक्याच्या केसाचे दोनशे भाग केले तर त्यातला एक भाग. एवढा फरक पारूबाई डोळ्यानं वाचायची आणि हातानं काढायची. सातवीनंतर शाळा सुटलेल्या बाईनं एवढं वाचावं, हे मला कुठल्याही मोठ्या वाचनापेक्षा कमी वाटत नाही.

तिच्या हातून एकच मोठी चूक झाली, ती दुसऱ्या वर्षी. पौषातली सकाळ होती, बोटं वळत नव्हती. चहाची किटली तिनं उबेसाठी तपासणीच्या दगडी टेबलावरच ठेवली होती, आणि शेजारी चाळीस कड्या मांडलेल्या. काच ठेवून पाहिलं तर सगळ्या वाकड्या. पारूबाईनं जीव तोडून एकेक कडी पुन्हा घासली, पुन्हा किटलीजवळ ठेवून तपासली, सरळ दिसली तेव्हा समाधानानं कागदात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी चाचांनी कागद सोडले तर चाळीसच्या चाळीस उलट्या बाजूनं वाकलेल्या. किटलीच्या उबेनं कड्या फुगल्या होत्या. जो वाकडेपणा गार झाल्यावर आपोआप गेला असता, तो तिनं घासून काढला होता.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी एक चांगली कडी घेतली, तिच्याजवळ चहाचा भरला गलास ठेवला, आणि काचेतल्या पट्ट्या कशा हळूहळू वाकतात ते तिला दाखवलं. मग गलास उचलून दूर नेला आणि पट्ट्या परत सरळ होईपर्यंत दोघं काचेवर नजर लावून बसले.

"बेटी," चाचा म्हणाले, "गरम हाय तवर त्याला काय बी विचारू नको. झोपू दे त्याला."

त्या दिवसापासून त्या खोलीत माल झोपवायची रीत पडली. घासून झालं की तुकडा दगडावर ठेवायचा, त्यावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पांघरायचा, आणि दोन तास त्याच्याकडं बघायचंही नाही. आणि चहाचा गलास घेऊन कुणी त्या दाराच्या आत यायचं नाही. मालक असो, सरकारी साहेब असो, गलास बाहेर. चाचा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली, पण रीत तशीच राहिली, आणि ती मोडायची छाती कुणाची झाली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सांगायला बसलो, ती परवाची, दोन वर्षांमागची.

पंपाच्या कड्यांचं काम तेव्हा कमी होत चाललं होतं. कारखान्याचे मालक गोकुळशेठ यांनी पुढच्या शेडात घासायचं एक मोठं यंत्र आणलं होतं. ते एका वेळी साठ कड्या घासायचं, आणि पंपाला तेवढी सपाटी पुरत होती. मागच्या खोलीचं काय करायचं हा विषय मालकांच्या तोंडावर यायचा आणि परत आत जायचा. पारूबाईला ते दिसत होतं. तिला आपल्या पगाराची भीती नव्हती, शेठ तिला पुढं पॅकिंगला घेणारच होते. भीती होती ती त्या टेबलाची. चाचांची लोखंडी प्लेट भंगारात जाईल, पिवळा दिवा निघेल, आणि आपल्या हाताला जे येतं ते येणारं या भागात कुणीच उरणार नाही, हे तिला आतून खात होतं.

अशात शेंद्र्याच्या एका नव्या कंपनीतून विश्वजीत नावाचा इंजिनिअर आला. तिशीतला, मूळ करमाडचा, घरी मोसंबीची बाग. त्याची कंपनी लेझरचा झोत सोडणारं एक हत्यार तयार करू पाहत होती, आकाशातून येणारी शत्रूची ड्रोनं जाळून पाडायला. झोत वळवायला तांब्याचा एक आरसा लागत होता, तळहाताएवढा आणि बोटभरही जाड नाही. वरचा चकचकीत थर दुसरीकडं चढणार होता, पण खालचं तांबं मात्र अर्ध्या पट्टीच्या आत सपाट हवं होतं. तीन ठिकाणी यंत्रावर करून झालं होतं, कुठं जमलं नव्हतं.

पारूबाईनं आधी भंगारातला एक तळहाताएवढाच, पण चार बोटं जाड तांब्याचा गोल ठोकळा घेतला आणि त्यावर हात बसवला. तांबं लोखंडासारखं नसतं, ते मऊ, पूड पोटात घेतं. आठ दिवस तिनं नुसतं तांब्याचं मन ओळखण्यात घालवले. मग खरा आरसा घेतला आणि अकराव्या दिवशी काचेखाली पट्ट्या सुतासारख्या सरळ दाखवल्या.

विश्वजीत पहिल्यांदा माल न्यायला आला तेव्हा आरसा लुगड्याखाली झोपला होता. त्यानं घड्याळ बघितलं.

"मावशी, दोन तास थांबायचं? मी शेंद्र्याहून आलोय."

"तुम्ही शेंद्र्याहून आलात, साहेब, पर हे आत्ता माझ्या हाताखालून आलंय. ते तुमच्यापेक्षा जास्त दमलंय."

तो हसला आणि थांबला, पण पाय हलवत थांबला.

गावात ही बातमी लपून राहिली नाही. पारूबाईचा नवरा पुंडलिक, गडी बोलका. तीन एकर शेती सांभाळतो आणि उरलेला वेळ हॉटेलावर. त्यानं सांगून टाकलं की आमच्या घरी आता तोफ तयार होते. मोबाइलवर त्यानं हातात धरायच्या उजेडाच्या बंदुका पाहिल्या होत्या, कणांच्या बंदुकाही पाहिल्या होत्या, एक चाप ओढला की डोंगर साफ. बायकोला तो म्हणाला, एखादी लहान उरली तर घेऊन ये, रानडुकरांनी मका ठेवला नाय. पारूबाई म्हणाली, आधी स्वतःच्या दाराची कडी नीट लागते का बघा.

पुढं विश्वजीत एकदा घरी जेवायला आला, तेव्हा पुंडलिकनं त्याला सरळच विचारलं की ही तोफ किती लहान होईल, पिशवीत मावेल का. विश्वजीतनं भाकरी मोडता मोडता नीट समजावलं. पाण्याच्या पायपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार लांब जाते. उजेडाचं उलटं. ज्या तोंडातून तो निघतो ते जेवढं लहान, तेवढा तो पुढं जाऊन जास्त पसरतो. तळहाताएवढ्या आरशावरून निघालेला झोत चार-पाच किलोमीटरवर या भाकरीएवढा होईल. परातीएवढ्या आरशावरून निघाला, तर तिथंच लिंबाएवढा राहील. लिंबाएवढ्या जागी सगळी आग पडली तर ड्रोन जळतं, भाकरीएवढ्या जागी पसरली तर नुसतं कोमट होतं.

"आणि ते कणांचं?" पुंडलिक म्हणाला.

त्यावर विश्वजीतनं विचारलं की शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात शेक देतात ते यंत्र पाहिलंय का. पुंडलिकनं पाहिलं होतं, आईला घेऊन तो महिनाभर जात होता. मशिनला एक अख्खी खोली, हातभर जाडीच्या भिंती, आणि एवढं सगळं कशासाठी, तर हातभर अंतरावर झोपलेल्या माणसासाठी. तेही कणच पळवतात, विश्वजीत म्हणाला. हवेतून लांब पाठवायचे तर हवाच त्यांना अडवते, आणि जोरात पळवायचे तर पळायला लांब नळी लागते. तसली बंदूक खांद्यावर यायची नाही, तिला रेल्वेचा डबा लागेल, आणि तरी ती फार लांब मारणार नाही.

पुंडलिकनं पाहुण्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग म्हणाला, म्हंजे डुकरांना आपलं फटाकडंच बरं.

पारूबाई चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिनं एकच विचारलं. मंग तुम्ही तळहाताएवढा आरसा कामून करून घेतला?

विश्वजीतनं मान खाली घातली. वरच्या साहेबांना हत्यार लहान हवं होतं, दोन जवानांनी उचलून नेण्याजोगं. लांबचं नाही तर निदान एक-दीड किलोमीटरचं तरी. आणि ते जमेल असा आराखडा विश्वजीतनंच मांडला होता. त्याचा तो पहिला मोठा आराखडा होता.

पंधरा दिवसांनी आरसा परत आला. डब्यावर लाल चिठ्ठी. सपाटी सदोष, लॅपिंगचा दोष. लॅपिंग म्हणजे हेच घासण्याचं काम. खाली कंपनीचा शिक्का.

शेंद्र्याला चाचणी झाली होती. झोत सोडल्यावर समोरच्या भिंतीवरचा ठिपका आधी हरभऱ्याएवढा होता. दहा मोजेपर्यंत तो पसरत गेला आणि विस्कटला. त्यांनी यंत्र बंद केलं, आरसा ज्या पोलादी कड्यात बसवला होता त्यासकट काढला, लगेच तपासला, तर मधोमध आठ पट्ट्यांची टेकडी.

गोकुळशेठ चिठ्ठी घेऊन मागच्या खोलीत आले. माणूस वाईट नाही, पण धंद्यातला. त्यांनी सांगितलं की कंपनी आता हे काम बाहेरच्या देशातल्या यंत्रावर करून घेणार आहे, आणि तसं झालं तर ही खोली चालू ठेवायला माझ्याकडं कारण उरत नाही. उद्या विश्वजीतसाहेब कागदावर सह्या घ्यायला येतायत. लॅपिंगचा दोष मान्य, अशी सही.

पारूबाईनं डबा उघडला. आरसा दिव्याखाली ठेवला, वर काच ठेवली. पट्ट्या सुतासारख्या सरळ.

शेठनं वाकून बघितलं आणि तिच्याकडं बघितलं. "तू हात फिरवलास का परत?"

"तुमच्यासमोर तर डबा फोडला, शेठ."

"मंग आठ पट्ट्या गेल्या कुठं?"

उत्तर पारूबाईला त्याच क्षणी कळलं होतं, आणि ते इतकं जुनं होतं की तिला पौषातली ती सकाळ आठवली. चाळीस कड्या, किटली, आणि चाचांचा शांत आवाज. शेंद्र्याच्या एवढ्या शिकलेल्या माणसांनी तीच चूक केली होती, जी तिनं झाडू सोडल्यावर दुसऱ्या वर्षी केली होती. त्यांनी गरम मालाला प्रश्न विचारला होता.

पण हे नुसतं तोंडानं सांगून कोण ऐकणार. कंपनीच्या शिक्क्यापुढं चितेगावच्या बाईचं तोंड किती मोठं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला विश्वजीत आला. कागद हातात, पण नजर उचलत नव्हता. आराखडा त्याचा होता, आणि दोष मावशीच्या नावावर चाललाय हे त्याला कुठंतरी टोचत असावं. शेठ त्याच्यामागं उभे राहिले. पारूबाईनं दोघांना बसायला सांगितलं. मग ती दाराबाहेर गेली आणि परत आली ती चहाचा उकळता गलास घेऊन.

गोकुळशेठ उठून उभेच राहिले. चाचांनी रीत घातल्यापासून त्या दारातून चहा आत आला नव्हता.

पारूबाईनं आरसा डब्यातून बरोबर आलेल्या त्याच्या पोलादी कड्यात बसवला, स्क्रू आवळले, जसे शेंद्र्याला आवळले असतील तसे. कडं दोन ठोकळ्यांवर टेकवलं म्हणजे खाली मोकळी जागा राहिली. वर काच ठेवली. पट्ट्या सरळ. विश्वजीतला तिनं बघायला लावलं, मोजायला लावलं, त्याच्या तोंडून वदवून घेतलं की सरळ आहेत. मग तिनं चहाचा गलास आरशाच्या पोटाखाली सरकवला.

आधी काही झालं नाही. मग मधली पट्टी जराशी हलली, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी. मग तिच्या शेजारची. पट्ट्या वाकू लागल्या, गोल होऊ लागल्या, आणि बघता बघता मधोमध टेकडी उभी राहिली. तांब्याला उबेनं पसरायचं होतं, चारी बाजूंनी गार पोलादी कड्यानं त्याला आवळून धरलं होतं, मग त्यानं वरचा रस्ता धरला. विश्वजीत ओठांतल्या ओठांत मोजत होता. सहापर्यंत मोजून तो थांबला.

"काच तापली असेल, मावशी."

पारूबाईला ही शंका आवडली. तिनं काच उचलली आणि शेजारच्या गार कडीवर ठेवली. तिथं पट्ट्या सरळ होत्या. काच परत आरशावर ठेवली, तर टेकडी जागच्या जागी.

मग तिनं गलास काढून घेतला, आरशावर लुगड्याचा तुकडा पांघरला आणि म्हणाली, "आता दोन तास."

या वेळी विश्वजीतनं पाय हलवले नाहीत. दोन तास तो त्या खोलीत बसून राहिला. पारूबाई आपलं काम करत राहिली, आठाच्या आकड्यात हात फिरत राहिला. दोन तासांनी कापड काढलं, काच ठेवली. सहा पट्ट्यांची टेकडी गेलेली, पट्ट्या सरळ.

"माझ्या हाताचा दोष असता," पारूबाई म्हणाली, "तर तो झोपल्यावर गेला नसता."

शेठनी लाल चिठ्ठी उचलली, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकली.

पण पारूबाईचं काम संपलं नव्हतं. तिनं भंगारातला तो चार बोटं जाडीचा तांब्याचा ठोकळा काढला, ज्यावर तिनं हात बसवला होता. तोही तिनं सपाट करून ठेवलेला. त्याच कड्यात तो बसवला, खाली तसाच उकळता दुसरा गलास ठेवला, आणि तेवढाच वेळ वाट पाहिली. पट्ट्या जेमतेम एका पट्टीएवढ्या वाकल्या.

"साहेब, हा पातळ हाय, लहान हाय. ह्याला आग सोसायला अंगच नाय. चहाच्या गलासानं हा रडतोय, मंग तुमच्या झोतानं काय करील?"

विश्वजीतनं तिथंच वही काढली. त्याला आकडे येत होते, आता ते कुठं लावायचे ते दिसलं होतं. पुढं बरंच त्यानं पारूबाईला सांगितलं, काही तिला कळलं, काही नाही, पण जे कळलं ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. लेझरच्या यंत्रात वीज घातली तर तिचा तिसरा हिस्सा उजेड होऊन बाहेर पडतो, बाकीचे दोन हिस्से उष्णता होऊन आतच राहतात. त्यांचं ते यंत्र तीस हजार वॅटचा झोत सोडणार होतं. म्हणजे साठ हजार वॅटची उष्णता पोटात. दोन-दोन हजाराच्या तीस शेगड्या एका पेटीत पेटवून वर झाकण लावल्यासारखं. ती बाहेर काढायला पाणी लागतं, पाण्याला टाकी लागते, पंप लागतो, पंखे लागतात, विजेला जनरेटर लागतो. झोत लिंबाएवढा ठेवायचा तर आरसा परातीएवढा लागतो, आणि तो वाकू नये म्हणून जाड, आतून पाण्याच्या नळ्या काढलेला. हे सगळं मांडलं की ट्रकच भरतो. दोन जवानांच्या खांद्यावर ते येत नाही. पुढं कधी यंत्रं सुधारतील, उष्णता कमी होईल, पेटी लहान होईल, हे विश्वजीतनंही मान्य केलं. पण आरशाच्या रुंदीला उजेडानंच हद्द घालून दिली आहे, ती कुणाच्या हुकमानं कमी होत नाही.

वही मिटताना तो म्हणाला, "माझाच आराखडा चुकला, मावशी. मी तसं लिहून देतो."

त्यानं लिहून दिलं. आपल्या पहिल्या मोठ्या कामावर आपल्याच हातानं काट मारायला छाती लागते, आणि करमाडच्या त्या पोराला ती होती, हे इथं सांगितलंच पाहिजे. वर बोलणी बसली असतील, ती त्यानं कधी सांगितली नाहीत. चार महिन्यांनी तो नवा आराखडा घेऊन आला. आरसा परातीएवढा, चार बोटं जाड, आतून नळ्या. आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं तपासणीची अट लिहितात तिथं, छापील अक्षरांत एक ओळ होती: घासकाम झाल्यावर चोवीस तास स्थिर ठेवूनच तपासावे. पारूबाईनं ती ओळ बोट फिरवत दोनदा वाचली. दोन तासांचे चोवीस का केले, असं तिनं विचारलं. विश्वजीत म्हणाला, अंग मोठं आहे, झोपही मोठी लागेल. तिला ते पटलं. चाचांची रीत आता कंपनीच्या कागदावर होती.

तो आरसा घासायला तिला सात आठवडे लागले. एवढं जड तांबं एकट्या हाताला फिरत नाही, म्हणून तिनं उलटं केलं. आरसा दगडावर ठेवला आणि वरून लोखंडी चकती फिरवली, चाचांनीच एकदा दाखवली होती तशी. गोकुळशेठनं मागच्या खोलीला नवीन पत्रा टाकून दिला, भिंतीला जाड थर्मोकोल लावला म्हणजे दुपारचं ऊन आत येऊ नये. त्या टेबलाचा विषय त्यांच्या तोंडावर परत आला नाही. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला ते आधी मागच्या खोलीत न्यायला लागले, पुढचं यंत्र नंतर.

पुंडलिकनं हॉटेलावर आता तोफेचं माप बदलून सांगितलं. आधी पिशवीतली होती, आता ट्रकातली झाली. लोकांनी चेष्टा केली की पुंडलिक, तुझी तोफ दिवसेंदिवस मोठी व्हायला लागली. तो म्हणाला, खरी हाय म्हून मोठी हाय, खोटी असती तर खिशात मावली असती.

आरसा तयार झाला त्या दिवशी शेंद्र्याहून विश्वजीत आला, आणि त्याच्याबरोबर त्याचे वरचे साहेबही आले. तेच, ज्यांना हत्यार लहान हवं होतं. उंच, केस पांढरे, पायात चकचकीत बूट. आदल्या दिवशी सकाळी अकरापासून आरसा लुगड्याखाली झोपला होता, आणि चोवीस तासांना अजून पाऊण तास कमी होता. पारूबाई दाराशी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, मऊ आणि स्वच्छ. आत जायची घाई तिलाही होती, पण ती हलली नाही.

गोकुळशेठनी पाहुण्यांना चहा दिला. साहेब गलास हातात घेऊनच मागच्या खोलीकडं निघाले. एवढ्या लांबून आलो तर तो आरसा एकदा बघू तरी, असं काहीतरी ते म्हणत होते. पारूबाईनं तोंड उघडायच्या आधी विश्वजीत पुढं झाला आणि दारात आडवा उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "गलास बाहेर."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मग स्टुलावरच्या बाईकडं बघितलं. त्यांनी चहा दाराबाहेर उभं राहून संपवला, गलास खिडकीवर ठेवला, आणि पाऊण तास बाभळीखाली थांबले. मग पारूबाई उठली, पिवळा दिवा लावला, लुगडं काढलं आणि काच अलगद ठेवली. चौघं वाकले. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्या सरळ गेल्या होत्या, पेरणीआधीच्या रानातल्या तासांसारख्या.